फूल दाखवा, मग बोलू

सुमन गेली तो बुधवार होता. दुपारी लोक हार घेऊन आले. माझी बहीण अक्का हारांपाशी जाऊन बसली. तिने दोरे तोडले आणि फुलं वेगळी केली. झेंडू आणि शेवंती एका बाजूला, गुलाब एका बाजूला, मोगरा एका बाजूला.

सुमन माझी बायको. तिच्या माहेरचे लोक सटाण्याहून आले होते. त्यांच्यातल्या एका मावशींनी माझ्या कानाशी येऊन विचारलं, "तुमनी बहीननी तब्येत बरी शे ना?" मी म्हणालो, बरी आहे. त्या दिवशी घरात तेवढी एकच गोष्ट मला ओळखीची वाटत होती. अक्का जन्मभर हेच करत आली होती. ती भिंतीला टेकून गप्प बसली असती, तर मी घाबरलो असतो.

शेजारचे बच्छाव पुढे झाले. ते आमच्या रो-हाउस सोसायटीचे चेअरमन, त्यामुळे कुठल्याही प्रसंगी आपण काहीतरी बोललं पाहिजे असं त्यांना वाटतं. हलक्या आवाजात म्हणाले, "मॅडम, वहिनींना झेंडूचं एक फूल वाहू का?"

"एक फूल नसतं ते," अक्का मान वर न करता म्हणाली. "शेकडो फुलं असतात, दाटीनं बसलेली. झेंडू म्हणजे फूल नाही, हाउसिंग सोसायटी आहे."

बच्छावांनी हातातल्या झेंडूकडे पाहिलं. मग त्यांनी तो फार जपून वाहिला, चेअरमनने वाहावा तसा.

अक्काची ओळख करून देताना मी गोंधळलो तर ती म्हणेल, "आधी मोठा गट सांग, मग लहान. मधूनच सुरू करू नकोस." तेव्हा तिच्याच पद्धतीने सांगतो. गट: निवृत्त प्राध्यापक. उपगट: वनस्पतिशास्त्र. आढळ: नाशिक, इंदिरानगर, आमच्या घराचा तळमजला, पावसाळ्यात अंजनेरीचा डोंगर. लक्षणं: उंच, काटक, अविवाहित, आवाज मागच्या बाकापर्यंत जाणारा. गळ्यात काळ्या दोऱ्यात ओवलेलं भिंग, पर्समध्ये काड्यापेटी, काड्यापेटीत अर्धं ब्लेड. वनस्पतींच्या ग्रंथात अशा वर्णनाच्या शेवटी 'उपयोग' असा रकाना असतो. सुमन म्हणायची, "तो तूर्त कोरा ठेवा."

ब्लेड फुलांसाठी. झाडाचं कुळ ठरतं ते फुलावरून. पान फसवतं, खोड फसवतं, उंची तर हमखास फसवते. गवताच्या कुळात दारातली हरळी येते आणि बांबूही येतो. फूल मात्र फसवत नाही. फुलाच्या तळाशी अंडाशय असतो. तो आडवा कापायचा, आत कप्पे किती आणि बीजं कुठे चिकटली आहेत ते भिंगातून पाहायचं, की झाडाचं घराणं कळतं. म्हणून अक्काचं पालुपद: "फूल दाखवा, मग बोलू." झाड कितीही ओळखीचं वाटो, फूल पाहिल्याशिवाय ती नाव घेत नाही. प्रात्यक्षिकाच्या तासाला 'बहुतेक' म्हणणाऱ्या मुलाला ती बाहेर उभं करायची. मुलं तिला ब्लेडबाई म्हणत. तिला ते माहीत होतं. नाव लक्षणावरून पडलंय, म्हणजे पद्धत बरोबर आहे, असं तिचं मत.

हे पालुपद झाडांपुरतं राहिलं असतं तर ठीक होतं. एकदा निवडणुकीत हात जोडून दारी आलेल्या उमेदवारालाही ती तेच म्हणाली. तो बिचारा गडबडला. त्याने गळ्यातला हार काढून तिच्या हातात दिला. अक्काने तो घेतला, पायरीवर बसली आणि त्यातली शेवंती चिरायला लागली. उमेदवार आणि त्याची माणसं आदबीने उभी. शेवटी ती म्हणाली, "फूल ताजं आहे. तुमचं बघू."

तिला बघायला एक स्थळ आलं होतं, फार पूर्वी. मुलगा इंजिनिअर होता आणि त्याने गुलदस्ता आणला होता. बोलणी होईपर्यंत गुलदस्त्यात फक्त देठ उरले. मुलाने जाताना आमच्या आईला विचारलं, "यांना माणसं चालतात ना?"

सोसायटीत अक्का सकाळी फिरायला निघाली की लोक आपापली फुलं राखायला गॅलरीत येऊन उभे राहतात. बच्छावांनी गुलाबाला जाळी लावून घेतली आहे; माकडांसाठी आहे असं ते सांगतात, पण इंदिरानगरात माकडं नाहीत. त्यांच्या ब्रह्मकमळाची गोष्ट तर सगळ्यांना पाठ आहे. फूल उमललं म्हणून त्यांनी सोसायटीला बोलावलं. निरांजन लावलं, हळदकुंकू वाहिलं, बायकांनी आरती धरली. अक्का मागून पुढे आली, तिने भिंग लावलं आणि म्हणाली, "हे ब्रह्मकमळ नव्हे. खरं हिमालयात असतं. हा निवडुंग आहे."

आरती थांबली. बच्छाव हात जोडून म्हणाले, "मॅडम, निवडुंग तर निवडुंग. पण आजचा दिवस नको ना."

माझी नोकरी वाचनालयातली. पुस्तकांना आकडे देऊन ज्याच्या त्याच्या जागी बसवायचं. म्हणजे मीही वर्गीकरणवालाच. अक्काला ते मान्य नाही. "तुझं काय, तुझी पुस्तकं वाढत नाहीत, सुकत नाहीत. शिवाय पाठीवर नाव छापलेलं असतं." माणसांनाही ती अशाच कुळांत बसवते. मी नेच्यांत मोडतो. "फूल नाही, फळ नाही, पण सावलीत ठेवला तर बरा दिसतो." बच्छाव भोपळ्याच्या कुळातले, म्हणजे आधाराला काहीही धरून मांडवभर पसरणारे. सुमनला कुठे बसवलंस असं मी एकदा विचारलं. म्हणाली, "ती हालते फार. बसवून घेत नाही."

सुमनला बघायला आम्ही सटाण्याला गेलो तेव्हा आमचे आईवडील राहिले नव्हते, त्यामुळे वडीलधारी म्हणून अक्काच होती. पोहे आले. नेहमीप्रमाणे 'शिक्षण किती', 'आवड काय' असं काहीतरी विचारतील म्हणून सगळे वाट बघत होते. अक्काने बशी उचलली, निरखली आणि सुमनला विचारलं, "या पोह्यांत किती कुळं आहेत?"

सुमनच्या वडिलांनी माझ्याकडे पाहिलं. मी पंख्याकडे पाहिलं.

सुमन म्हणाली, "आधी खा, मग मोजा. गार होतील."

अक्काने पोहे खाल्ले. बशी खाली ठेवून म्हणाली, "कढीपत्ता आणि लिंबू एकाच घरातले, हे लक्षात ठेव." आणि मग माझ्याकडे वळून, "हीच." मला कोणी काही विचारलं नाही.

सुमन पोस्टात होती. सकाळी सगळ्यांचं करून, दहाच्या आत काउंटरला बसायची. तिला सकाळी स्वयंपाकघरात हात घातला की वस्तू सापडायला हवी असायची. आणि अक्काने स्वयंपाकघर कुळांप्रमाणे लावलं होतं. बटाटे, वांगी, टोमॅटो आणि मिरच्या एका टोपलीत. धने, जिरे, ओवा आणि बडीशेपेच्या बरण्यांच्या शेजारी गाजरं. साखर गव्हाच्या डब्याशेजारी, कारण ऊस हे गवत.

"अक्का, मोहरी कुठंय?"

"मुळ्यापाशी."

"मुळ्यापाशी का?"

"सख्खी भावंडं आहेत ती."

सुमन एरवी तिला 'अक्का' म्हणायची. भांडायचं असलं की 'वन्सं' म्हणायची. पहिल्या वर्षी घरात 'वन्सं' बरंच ऐकू यायचं. "वन्सं, फोडणी जळतेय आणि मी नातीगोती शोधू?" मग संध्याकाळी सुमन सगळं आपल्या पद्धतीने लावायची, आणि अक्का दुसऱ्या दिवशी ते परत आपल्या पद्धतीने. मी दोन्ही वेळा मदत करायचो. दोघींनाही माझा राग होता.

उपासाच्या दिवशी तर पर्वणी. "बटाटा चालतो आणि वांगं चालत नाही? एका आईची लेकरं! राजगिरा चालतो आणि माठाची भाजी नाही? तुमच्या देवाला फुलं तपासता येत नाहीत."

"देवाला खिचडी तपासता येते," सुमन म्हणायची. "घ्या, दही घालून खा."

मिसळ खायला बाहेर गेलो तर अक्का बशीत चमच्याने फट पाडून दाखवायची. मटकी, वर हरभऱ्याच्या डाळीची शेव, पोह्यात शेंगदाणे. "सगळी शेंगांची भावकी. म्हणून पचायला भांडते."

मध्यंतरी तिच्या आयुष्यात एक मोठा धक्का आला. परदेशात कोणी झाडांचा डीएनए तपासला आणि कुळं नव्याने मांडली. अनेक झाडं एका घरातून उठवून दुसऱ्या घरात नेली. कांदा लिलीच्या कुळात असतो असं अक्काने पिढ्यान्‌पिढ्या मुलांना शिकवलं होतं. त्या कांद्याला लिलीच्या घरातून काढलं. अक्काने दोन दिवस कांद्याला हात लावला नाही. त्याच आठवड्यात आम्ही लासलगावला एका साखरपुड्याला निघालो होतो. बाजार समितीबाहेर ट्रॅक्टरांची रांग लागली होती, आमची गाडी त्यात अडकली. अक्का उतरली आणि शेजारच्या ट्रॅक्टरवर बसलेल्या शेतकऱ्याला तिने ही बातमी दिली.

तो म्हणाला, "त्यानं भाव वाढंल का, म्याडम?"

"नाही. भावाचा काही संबंध नाही."

"मंग ऱ्हाऊ द्या की कुनाच्या बी घरात. आमाला आज उतरून घेतला म्हंजे झालं."

गाडीत बसून तिने दार ओढून घेतलं. मग म्हणाली, "मी पोरांना खोटं शिकवलं."

"खोटं कुठं?" सुमन म्हणाली. "जुनं शिकवलंत. आमच्या पोस्टात गल्ल्यांची नावं बदलतात. म्हणून आधी टाकलेली पत्रं चुकीच्या घरी गेली असं होतं का?"

साखरपुड्यात अक्काने कांद्याची भजी दोनदा मागून घेतली. आणि त्यानंतर सुमन स्वयंपाकघरात जे फेरफार करायची, ते तिने बघूनही बघितले नाहीत. मोहरी हळदीशेजारी आली ती तेव्हा.

दोघींचं खरं भांडण होतं ते दारातल्या झाडावरून.

सुमनची आई गेली, त्यानंतर तिकडे शेताची वाटणी झाली आणि मळ्यातलं घर पाडायचं ठरलं. सुमन शेवटचं बघून यायला गेली आणि येताना एक फांदी घेऊन आली. ओल्या टॉवेलात गुंडाळून, एसटीत मांडीवर धरून. तिच्या मायने मळ्यातल्या घराच्या दाराशी लावलेल्या झाडाची ती होती. सुमनने ती आमच्या पायरीशी लावली, वर मडकं उपडं घातलं, आणि पंधरवड्यात तिला पालवी फुटली.

"नाव काय याचं?" अक्काने विचारलं.

"मायनं झाड." मायनं म्हणजे आईचं. माहेरच्या माणसांविषयी बोलताना सुमन अहिराणीत शिरायची.

"ते नाव नाही झालं. तिकडे काय म्हणतात?"

"मायनं झाडच म्हणतात. ते एकच तर होतं."

अक्का गुडघ्यांवर बसली. पानं समोरासमोर, दांडी चौकोनी, चीक नाही. तुळशीच्या कुळातलं असू शकेल, घाणेरीच्या असू शकेल, अडुळशाच्याही. तिने उठून गुडघे झटकले. "फूल दाखव, मग बोलू."

"फूल आलं की तुम्ही ते कापणार."

"अर्थात."

"मग नको येऊ दे."

पण तिलाच ते यायला हवं होतं. तिच्या आठवणीत ते झाड दरवर्षी फुलायचं, आणि त्या दिवसांत माय पायरीवर बसून वेणी घालून द्यायची. तिला एकदा ते तसं फुललेलं बघायचं होतं, अख्खं, आपल्या दारात. अक्काला त्याचं फूल चिरून कुळ लावायचं होतं. दारातल्या बाकी प्रत्येक झाडाला तिने पत्र्याची पाटी लावली होती, वर नाव, खाली कुळ. हे एकच झाड बिनपाटीचं उभं होतं आणि येताजाता तिला दिसत होतं.

"कसं असायचं फूल?" ती खोदून विचारायची.

"पांढरं."

"पांढरं की निळसर?"

"पांढरं हो. लहान होते मी."

"पाकळ्या सुट्या की जोडलेल्या?"

"वन्सं, मी त्याखाली परकराच्या ओच्यात चिंचा घेऊन बसायचे. पाकळ्या बघत नव्हते."

झाड वाढलं. खिडकीएवढं झालं. फूल काही येईना. रोज सकाळी दोघी चहाचे कप घेऊन पायरीवर यायच्या. सुमन एका बाजूने कळी शोधायची, अक्का भिंग घेऊन दुसऱ्या बाजूने. अक्का म्हणायची पाणी कमी कर, ताण दिला की फुलतं. सुमन म्हणायची पाणी जास्त घाला, माय रोज कळशी ओतायची. अक्का चुलीची राख मिळवून आणायची. सुमन तांदळाचं धुवण घालायची. कोणाचं ऐकावं ते झाडाला कळत नसावं. सुमन त्याला गोंजारून, कधी फुलशील असं आपल्या अहिराणीत विचारायची, "कव्हय फुलशी वं माय?"

एकदा बच्छाव नवीन फोन घेऊन आले. झाडावर धरला की नाव सांगतो म्हणाले. फोनने आधी घाणेरी सांगितलं. सुमन चिडली. "माझ्या मायच्या झाडाला घाणेरी म्हणता?" मग बच्छावांनी दुसऱ्या बाजूने धरला, तर पुदिना. तिसऱ्यांदा कॉफी.

"एका झाडाची तीन नावं," अक्का म्हणाली. "याला पास कोणी केलं?"

त्या दिवशी दोघी बऱ्याच वर्षांनी एका बाजूने भांडल्या. बच्छाव फोन घेऊन घरी गेले.

मग सुमनचं दुखणं निघालं. ते फार लांबलं नाही. दवाखान्यात अक्का रोज डबा घेऊन यायची आणि खाटेशेजारी बसून झाडाचा अहवाल द्यायची. नवीन पानं अमुक, कीड नाही, कळी नाही. एका दुपारी सुमन म्हणाली, "वन्सं, एक सांगून ठेवते. मी नसले आणि फूल आलं, तर हात लावायचा नाही."

'वन्सं' ऐकून अक्का सरसावून बसली. "असं कसं? कुळ लागायला नको?"

"नको. तसंच राहू द्यायचं. शब्द द्या."

"असल्या गोष्टींत मी शब्द देत नाही. आधी बरी होऊन घरी ये. मग पायरीवर बसून भांडू."

सुमन हसली. "बघा बाई, कसं करता ते," म्हणाली, आणि कूस वळवली. विषय तिथेच राहिला. पुढच्या बुधवारी ती गेली.

दहाव्याला आम्ही गोदाकाठी गेलो. पिंड ठेवला. कावळा शिवेना. नाशिकला काठावरच्या कावळ्यांना रोजचीच मेजवानी. ते पलीकडच्या कठड्यावर बसून बघत होते, पंगतीतून जेवून उठलेल्या पाहुण्यांसारखे. गेलेल्याचं काही मनात राहिलं असेल तर कावळा शिवत नाही म्हणतात. म्हणून घरचे एकेक पुढे होऊन हात जोडून शब्द देतात.

सुमनचा भाऊ पुढे झाला. "पोरनी काळजी करू नको, बहीन. आम्ही शेतस ना." कावळे हलले नाहीत. आमची मुलगी मुग्धा म्हणाली, "आई, मी बाबांना रोज फोन करीन." मी म्हणालो, गोळ्या वेळेवर घेईन. कावळ्यांना ते पटलं नसावं. शेवटी बच्छाव हात जोडून पुढे आले. "वहिनी, पाण्याच्या टाकीचं काम या महिन्यात नक्की करून देतो." सुमन त्या टाकीवरून त्यांच्याशी दोन वर्षं भांडत होती. एका कावळ्याने मान वळवून पाहिलं, एवढंच.

गुरुजी घड्याळ बघत म्हणाले, "अजून कोणी राहिलंय का?"

अक्का मागे हाताची घडी घालून उभी होती. या सगळ्यावर तिचा विश्वास नाही. तिने सकाळी निघतानाच सांगितलं होतं की मी नुसती येणार, काही करणार नाही. मला तिच्याकडे बघायचं नव्हतं, पण मी बघितलं. तिने घडी सोडली. पुढे आली. हात जोडले नाहीत. वर्गात बोलते त्या आवाजात म्हणाली, "सुमन, फूल आलं तर मी हात लावणार नाही. झालं?"

शेजारच्या पिंडांपाशी बसलेल्या लोकांनीही माना वळवल्या. कठड्यावरून एक कावळा उतरला. त्याने भाताला चोच लावली, उडाला, परत आला आणि नीट खायला लागला.

रिक्षात अक्का म्हणाली, "कावळा काहीही खातो. भूक लागली की येतो. त्याचा माझ्याशी काही संबंध नाही."

"बरं," मी म्हणालो.

"शब्द दिलाय तो वेगळा."

बच्छावांनी टाकीचं काम त्याच महिन्यात केलं.

त्यानंतर अक्का एकटीच सकाळी चहा घेऊन पायरीवर जायला लागली. झाडाला ती दोन्ही पद्धतींनी वाढवायची. एक दिवस राख, एक दिवस तांदळाचं धुवण. एकदा मी वर्तमानपत्र घ्यायला दारापर्यंत गेलो आणि थांबलो. अक्का झाडाशी बोलत होती. माझ्या बहिणीचं मराठी फार शुद्ध आहे. तिच्या तोंडून 'हाय' किंवा 'नाय' कधी कोणी ऐकलेलं नाही. ती अडखळत, अक्षरं चुकवत, अहिराणीत त्याला सुमनचाच प्रश्न विचारत होती. मी वर्तमानपत्र न घेता आत आलो.

या दिवाळीच्या आधी, सकाळी, तिने मला हाक मारली. वर्गातल्या आवाजात. मी चप्पल न घालता बाहेर धावलो.

झाडाच्या शेंड्याला तुरा आला होता. अक्का त्याच्यासमोर पाटावर बसली होती आणि तिने दोन्ही हात पाठीमागे घट्ट धरले होते.

"भिंग तू धर," ती म्हणाली. "माझ्या हाताचा भरवसा नाही."

मी तिच्या गळ्यातून दोरा काढला आणि भिंग फुलासमोर धरलं. तिने डोळा जवळ नेला.

"डावीकडे. अरे, डावीकडे. पान उलटतोयस का पुस्तकाचं? हं. थांब. हलू नकोस." मग तिने दुसरा डोळा मिटून घेतला. "पाकळ्या जोडलेल्या. दोन ओठ. पुंकेसर चार. आत अंडाशय असेल तो दिसत नाही."

"मग?"

"मग काय. तो कापल्याशिवाय पुढे काही सांगता येत नाही."

एवढ्यात बच्छाव कुंपणापाशी आले. त्यांनी तुरा पाहिला आणि अक्काचे हातही पाहिले. दहाव्याला ते होतेच. त्यांनी थोडा विचार केला आणि म्हणाले, "मॅडम, खाली पडलेलं फूल कापायला काय हरकत आहे? पडलेल्याला हात लावला तर शब्द मोडत नाही."

"पडते ती नुसती पाकळ्यांची नळी. अंडाशय झाडावरच राहतो. तोच हवा असतो."

बच्छाव जरा पुढे येऊन, आवाज खाली आणून म्हणाले, "मग एक घ्या की कापून. इतकी वर्षं वाट पाहिलीत. वहिनी काय बघायला येणार आहेत का?"

त्यांच्या मनात वाईट काही नव्हतं. अक्काने त्यांच्याकडे वळून पाहिलं. मला वाटलं, आता ती त्यांना वर्गाबाहेर काढणार.

"ती नाही येणार," अक्का म्हणाली. "मी आहे ना बघायला."

बच्छावांनी मान हलवली आणि ते आपल्या जाळीतल्या गुलाबाकडे गेले. थोड्या वेळाने त्यांनी त्यातला एक तोडून कुंपणावरून अक्काच्या हातात दिला. "हा कापा," म्हणाले. अक्काने तो लगेच कापला.

मग ती पुन्हा तुऱ्याकडे वळली. उन्हं वर आली होती. "पांढरं नाही हे," ती म्हणाली. "आतल्या कडेला निळसर झाक आहे. बघ. मी म्हणत होते." ती थोडं थांबली, आतून कोणी उलट उत्तर देईल अशा बेताने. मी म्हणालो, "हो, निळसर आहे." तिला ते उत्तर पुरेसं वाटलं नाही, हे मला दिसलं. माझ्याशी भांडायची तिला सवय नाही.

फुलं आठवडाभर राहिली. एकेक करून पायरीवर गळली. मी झाडायला केरसुणी घेतली तर तिने ती माझ्या हातातून काढून घेतली. फळ काही धरलं नाही. त्या जातीचं दुसरं झाड आसपास नसेल, म्हणून नसेल धरलं, असं ती म्हणाली. कुळ लागलेलं नाही आणि पाटी लावलेली नाही.

घरात आता अक्का आहे आणि मी आहे. दाराशी झाड आहे. त्याला सकाळी अक्का पाणी घालते.